मामाने घेतलेला वास
गुलाबपाण्याचा वास आला की माझं टाळकं फिरतं. ऐंशी-पंच्याऐंशी साल असेल, घाटकोपरच्या चाळीत राहायचो. महिन्या-दोन महिन्यांनी माझे डोळे पेटायचे, वाळू भरल्यासारखे, कोरडे आणि लालभडक. बहिणीला बघायला पाहुणे आले तेही नेमके तेव्हाच. सकाळपासून गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या, काही उपयोग नाही, तसाच समोर जाऊन बसलो. मुलाचा मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ सकाळीच टाकून बसलेत वाटतं." "नाही हो मामा, डोळ्यांचा त्रास आहे." "असं सगळेच बोलतात." मी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण चौथी नापास डोकं माझं, उठलो, त्याच्यापुढे आ केला नि म्हटलं, "घ्या वास." त्या माणसाने खरंच वाकून घेतला. "बडीशेप," तो सगळ्यांना म्हणाला, "दारूचा वास लपवायला खाल्लीय." पाहुण्यांसमोर तोंडाला बरा वास असावा म्हणून मीच चघळली होती. पोहे तसेच टाकून मंडळी उठली. बशा उचलताना बहीण म्हणाली, "तोंड कशाला उघडलंस रे दादा? कानाखाली द्यायची ना." तिचं पुढे दुसरीकडे चांगलं झालं. माझे डोळे अजून पेटतात, औषध घालतो, लाली उतरते. मामावरचा रागही कधीच उतरला. माझ्या त्या उघड्या तोंडावरचा मात्र उतरत नाही.