भर दुपारची गोष्ट आणि हरवलेला मामा

हां, सरसावून बसलात ना? पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्या... यातलं काहीएक मिळणार नाही. भर दुपार होती, खाली पुऱ्या तळत होत्या. भूत आलं असतं तर आधी ताट वाढा म्हणालं असतं.

आणि मी असलं काही मानत नाही, हे आधीच सांगतो. राक्षस, ड्रॅगन, जादूगार... ही पुस्तकं मी खातो! मार्केटात साडीच्या दुकानावर गिऱ्हाईक नसलं की गठ्ठ्यामागं बसून वाचतो. आजीला गावी फोन करून आसरा-मुंजाच्या गोष्टी ऐकतो. पण वाचणं वेगळं, मानणं वेगळं.

तर नवागामला आमच्या घरी ताईचा साखरपुडा होता. वडील नाहीत, म्हणून सुपारी मामाच फोडणार. मामा कडोदऱ्याहून निघालेला. अमळनेरचे पाहुणे येऊन बसलेले, आणि मावशीची पोरं, पिंकी-गोलू, त्यांच्या मांडीवर उड्या मारत होती. आई म्हणाली, "यांना वर ने बाबा."

अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, नेलं आणि गोष्ट सुरू केली. पुस्तकातली नाही, तिथल्या तिथं रचलेली. एक वाटसरू अशा गावात शिरतो, जिथली प्रत्येक गल्ली एकाच निळ्या दारापाशी संपते. दारात एका शिंगाची बकरी. मी बकरीचा आवाज काढला, पोरं लोळली.

आई पापड घ्यायला वर आली. "दिवसे गोष्ट सांगी राहिना? मामा वाट चुकस ना रे!"

दिवसा गोष्ट सांगितली की सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे मूळ आजीचं म्हणणं. मी तिच्याच आवाजात म्हणालो, "चुकू दे माय, जीपीएस शे त्यानाकडे!" आई फणकारून खाली गेली.

थोड्या वेळानं फोन. मामा.

"भाचा, मी कुठं आलोय रे? रिक्षातून उतरलो तर आपल्याच नाक्यावर. आता ज्या गल्लीत शिरतो तिथं निळं दार. विचारायला माणूस नाही. एक बकरी बसलीय फक्त... एकच शिंग आहे तिला."

मी हसलो. "मामा, कोणी शिकवलं हे?"

"मस्करी सुचतेय तुला? तिकडं पाहुणे बसलेत!" फोन कट. परत लागेचना.

मला पक्का डाऊट आला. जिन्यात कोण आहे का बघितलं. पोरांचे खिसे तपासले, मोबाईल कुठला, चिंचेच्या गोळ्या निघाल्या. आणि मामा आमचा असा की विनोद सांगितला तरी "मग पुढं काय झालं?" विचारणारा.

खालून नवरदेवाच्या काकांचा आवाज आला, "मामा येताहेत की आम्ही निघू? गाडी आहे आमची." मग ताईचं रडणं ऐकू आलं.

पिंकीनं माझा शर्ट ओढला. "दादा, त्याला बाहेर काढ ना."

मानत नाही हो मी... पण गोष्ट घाईघाईनं पुढं नेली. बकरी म्हणते, कोंबड्यासारखं आरव, मग दार उघडेल. मी आरवलो, अगदी हळू. वाटसरू आरवला, दार उघडलं, पलीकडं त्याचंच घर.

आणि खाली गलका... "आले, आले!"

मामा घामानं चिंब. आल्याआल्या हातपाय धुतले, सुपारी फोडली. ताई हसली. पाहुणे जेवून गेले.

आता म्हणाल, चकवा. अरे, चकवा रानात लागतो, नवागामात स्कूटर लावायला जागा नाही, चकवा कुठं उभा राहील? म्हणाल पोरांनी सांगितलं. पिंकी विद्येची शपथ घेते, गोलू तर तोवर झोपलाच होता. मामाला विचारलं तर विषय बदलतो. मला आजही कळलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर आईनं सुनावलं ते वेगळंच. "तुले सांगेल व्हतं ना? पोरीचं जमलेलं मोडलं असतं म्हणजे?" मामानं सगळं ऐकलं, मला जिन्याखाली ओढलं आणि कान धरून पिळला.

"गोष्ट सांगायची तर सांग, मेल्या. पण या वयात मला भर रस्त्यात आरवायला लावतोस?"