दोनशे ग्रॅमचं वैर

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे हातोडी म्हणतात. तिच्या डाव्या ठोशावरून पडलेलं नाव आहे, आणि ज्यांनी ते पाडलं त्यांतल्या दोघींचे पुढचे दात नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी, मोठ्या सामन्याच्या सकाळी आमच्या आईने तिला आग्रहाने पेलाभर दूध पाजलं. वजनाच्या काट्यावर ती दोनशे ग्रॅमने जास्त भरली आणि गटाबाहेर गेली. घरी येऊन तिने तो पेला भिंतीवर असा आपटला की एक काच माझ्या भुवईत घुसली. खूण अजून आहे. आईवर राग काढता येईना, म्हणून तिने दुधाशी वैर धरलं. पाणी प्यायली असतीस तरी काटा तेवढाच हलला असता, हे मी रसायनशास्त्राची पदवी हातात असताना तिला सांगितलं. ऐकेल तर शपथ.

पुढे गॅरेजच्या माडीवर ती मुलींना बॉक्सिंग शिकवू लागली. भिंतीवर लाल रंगात लिहिलं: दूध, दही, पनीर बंद. जिच्या पिशवीत दह्याचा डबा सापडे, तिला हातोडी स्वतः रिंगमध्ये घेई. मग त्या मुलीला आठवडाभर कुशीवर वळता येत नसे.

तिची स्वतःची लेक टाचणी सतरा वर्षांची, अठ्ठेचाळीस किलोंच्या गटातली. रोज चार तास दोरीच्या उड्या, धावणं, ठोसे; आणि खाणं चिमणीएवढं. आठ महिने पाळी नव्हती.

"हिला डॉक्टरकडे ने," मी म्हटलं.

"कटकट गेली तिची. ताई, तू तुझ्या पुस्तकांत बघ."

डावा हात ठणकतो असं टाचणी म्हणाली, तेव्हा हातोडीने त्याच हातावर, ठोसे झेलायला हातांत घालतात त्या पॅडचा फटका हाणला. "ठणकतोय ना? म्हणजे जागेवर आहे."

निवड-सामन्याच्या तिसऱ्या फेरीत समोरच्या मुलीचा ठोसा टाचणीने त्याच हातावर अडवला. मी तिसऱ्या रांगेत होते. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. कोपराखाली हात भलत्याच ठिकाणी वाकला. कोपऱ्यातून हातोडी ओरडत होती, "हात वर घे, हात वर." हात वर जाईना. पुढचे दोन ठोसे पोरीने तोंडावर घेतले, ओठ फाटला, तेव्हा कुठे पंच मध्ये पडले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दूध, दही घेतेस?"

टाचणीने आईकडे पाहिलं. "आई मारेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या वयात हाडं भरायची असतात, आणि ही राबते हमालासारखी. पोटभर अन्न नाही, कॅल्शियम नाही, पाळी बंद. मग शरीर हाडांतूनच काढून घेणार. ठणकत होतं तेव्हाच तडा असणार."

हातोडी तिथून थेट माडीवर गेली आणि छिन्नीने भिंतीवरची अक्षरं खरवडू लागली. खालच्या विटा दिसल्या, बोटांची सालटी निघाली, तरी थांबेना. शेवटी मीच छिन्नी हिसकावली.

नऊ महिने गेले. दूध, दही, तीळ, काट्यांसकट खायची बारीक मासळी, आणि मुख्य म्हणजे भरलेलं ताट. पाळी आली. टाचणी वरच्या गटात गेली. वजनाच्या काट्याकडे कोणी पाहिलंही नाही. डॉक्टरीणबाईंनी खेळायला परवानगी दिली, पण हातोडी तिला डावा हात वापरू देईना. पुन्हा मोडला तर, एवढंच तिच्या डोक्यात.

एका सकाळी टाचणी तिच्यासमोर उभी राहिली. "आई, पॅड काढ."

"मला लागेल."

"माहितेय."

हातोडीने पॅड काढले. टाचणीने डावा ठोसा सरळ तिच्या नाकावर मारला. कट्‌कन आवाज आला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. हातोडी दोरांवर आदळली आणि परत उभी राहिली.

"हात?" तिने विचारलं.

"नाही दुखला."

"खरं सांग."

"खरंच नाही."

हातोडीने मनगटाने रक्त पुसलं आणि दोन्ही हात खाली सोडले. "मग जोरात मार की."