चहाआधी बॉनेट

आबांना आता गाडी झेपत नाही, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. आबा म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर. गाडी म्हणजे त्यांची जुनी पेट्रोल जीप. वरच्या भातखाचरांपर्यंत जीपनंही अर्ध्या तासाचा चढ आहे आणि गुडघ्यांमुळे तो त्यांना पायी होत नाही. जीप गेली की आबांचं शेतावर जाणं संपलं, इतकं ते सरळ होतं.

तर ही जीप फक्त आबांच्या हातात अडायची. वर पोचता पोचता आचके द्यायची, फटफट करायची, एकदा तर भर चढावर बंद पडली आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली. माझ्या नवऱ्यानं अंगणात चालू केली, देवळापर्यंत जाऊन आला. एकदम मक्खन. दिरांनी पाहिली, तेच. मग जेवताना दीर म्हणाले, "आबा, क्लचवरनं पाय उचलत न्हाई तुमी." आबा भाकरी मोडत राहिले. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही म्हणाले, "आबा, आता आराम करा ना." रविवारी एक बंगलेवाले जीप घ्यायला येणार होते. त्यांना ती फाटकाशी शोभेला उभी करायची होती.

मी मूळची लातूरकडची, तोंडानं फटकळ. नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. "माझ्याकडे तर नीट चालतंय," हे वाक्य दिवसातून चारदा ऐकते आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. शुक्रवारी ते ऐकलं आणि मला जीपच आठवली. नवरा चालवतो पाच मिनिटं. आबा अर्धा तास चढवतात. गाडी खरी तापते ती आबांच्याच हातात. माझ्याच घरात हेच वाक्य महिनाभर चाललं होतं आणि मी मुकाट ऐकलं होतं. स्वतःचाच इतका राग आला की विचारू नका.

पण मग मिस्त्रींना कसं सापडलं नाही? आबा तीनदा गेले होते त्यांच्याकडे. मिस्त्री आबांचे जुने दोस्त, पिरंगुटच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आणि मागे घर. मी आबांना विचारलं, "तिथे गेल्यावर काय काय होतं, पहिल्यापासून सांगा." आबा म्हणाले, "काय हुणार? चहा हुतो." म्हणजे आधी चहा, मग भाताचं, मग पोराबाळांचं. अर्ध्यापाऊण तासानं बॉनेट उघडायचं. तोवर इंजिन गार. मिस्त्री प्लग बदलायचे, कार्बुरेटर साफ करायचे, आणि गाडी शहाण्यासारखी घरी यायची.

शनिवारी सकाळी आबांना शेजारी बसवलं आणि जीप मीच काढली. वर खाचरापर्यंत नेली, खाली आणली, आचके सुरू झाले तरी थांबवली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू दे. तशीच खोकत गॅरेजात घातली.

"ये सूनबाई, चहा टाकलाय," मिस्त्री म्हणाले.

"चहा नको काका. इंजिन चालूच ठेवते, आधी बॉनेट उघडा."

काकू ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. आमच्या मुळशीत चहाला नाही म्हणणं म्हणजे घरालाच नाही म्हणणं. आबांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण हटले नाही.

मिस्त्रींनी क्षणभर कान दिला. मग फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि इग्निशन कॉइलच्या डब्यावर ठेवलं. प्लगला ठिणगी पुरवते ती कॉइल, तापून चटका देत होती. दोन-तीन मिनिटांत आचके कमी झाले. फडकं काढलं, थोड्या वेळानं पुन्हा सुरू. त्यांनी एका जुन्या गाडीची कॉइल काढून बसवली आणि स्वतः आबांना घेऊन वरपर्यंत फेरी मारून आले. एक आचका नाही.

"आबा, माझंच चुकलं," मिस्त्री म्हणाले. "गार गाडी बघून मी बी तुमच्या पोराला म्हनलो, आबांचं वय झालं."

आबांनी विचारलं, "म्हंजी गाडीच ना?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग काकूंचा चहा आम्ही दोन-दोन कप प्यायलो आणि बंगलेवाल्यांना मी तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. नवऱ्याला नंतर कळवलं.

परतताना आबा चालवत होते. घर आलं तरी थांबले नाहीत, खाचरांकडे वळले. चढ लागल्यावर म्हणाले, "गेल्या महिन्यात बसनं बावधनला गेल्तो. डॉक्टरला डोळं, पाय, समदं दाखवलं. त्यो म्हनला, गुडघं सोडलं तर ठणठणीत हाय तुमी, गाडी चालवा खुशाल."

"मग घरी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, त्यालाच कळत न्हाई. घरची मानसं उगाच म्हनतील व्हय?"

"आबा, त्यांच्यात मीही होते," मी म्हणाले.

"ठाव हाय," आबा म्हणाले आणि दुसरा गिअर टाकून चढवत राहिले.