चौथ्या ओळीतली सहावी कबर

माझा थोरला भाऊ बसऱ्याच्या लढाईवरून परतला तो आजारी होऊन. जहाजावरून उतरवून त्याला पुण्याच्या छावणीतल्या इस्पितळात नेलं आणि तिथेच तो तापानं गेला. जुन्नरला आम्हांला कळलं तेव्हा दफन होऊन नऊ दिवस झाले होते. पलटणीकडून आलेल्या कागदावर जागा लिहिली होती : चौथी ओळ, सहावी कबर.

आमच्या मोहल्ल्यात बायका कबरस्तानात जात नसत. वडिलांसाठी अम्मा भिंतीबाहेर उभी राहून फातेहा म्हणे. छावणीतल्या कबरस्तानात तिला कोणी अडवलं नाही. तिथे कबरीशेजारी बसता येई, मातीला हात लावता येई. मुलाचं शेवटचं तोंड तिला पाहायला मिळालं नव्हतं. वर्षातून एक दिवस त्याच्याजवळ बसून त्याला घरचं सगळं सांगायचं, एवढंच तिला हवं होतं.

आम्ही कागदी, हातानं कागद बनवणारे. हौदातून काढलेले ताव वाळवून, घोटून, त्यांचे गठ्ठे थंडीत बैलगाडीनं पुण्याला जात. त्याच गाडीतून अम्मा जाई. पहिली दोन वर्षं मामू तिच्याबरोबर गेले. तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे धरले, म्हणून मी गेलो. मी अठरा वर्षांचा होतो, हौदावर काम करत होतो.

गाडीवान पिंपळवंडीचा होता. कळंबला बैल सोडल्यावर त्यानं अम्माच्या मांडीवरची टोपली पाहिली.

“मावशी, ह्यात काय वो?”

“सब्ज्याची रोपं. कबरीवर लावाया.”

“आन् पानी कोन घालनार?”

“तिथला राखनदार घालतो. लई भला मानूस हाय.”

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही छावणीत पोहोचलो. आम्हांला फाटकाशी सोडून गाडीवान गठ्ठे पोचवायला गेला. कबरींवर नावं नव्हती. प्रत्येकीच्या उशाशी एक दगड आणि त्यावर आकडा होता. आधीची दोन वर्षं आकडे पुसट होते, मामूंनी कबर मोजूनच शोधली होती. त्या वर्षी ते नव्यानं रंगवले होते. अम्मा सरळ जाऊन बसली आणि बोलू लागली. गेल्या वर्षीच्या सब्ज्याची दोन रोपं तिथे जगली होती. दगडावर बाराचा आकडा होता.

मी ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. ओळीत सतरा कबरी होत्या. डावीकडून सहावीवर सहाचा आकडा होता आणि गुडघाभर गवत. अम्मा आणि मामू दोघांनाही फक्त कुराण वाचता येई, उजवीकडून डावीकडे. त्यांच्यासाठी ओळ उजवीकडून सुरू होत होती.

राखणदार आंबेगावच्या डोंगराकडचा, पेन्शनीत निघालेला शिपाई. मी त्याला बारा नंबराबद्दल विचारलं.

“त्यो पंजाबाकडचा खेचरवाला. त्याचं कोन येत न्हाई. मला वाटलं, तुमचं काय नातं आसंल.”

“आमचा सहा.”

“आरं देवा! मंग दोन वर्सं मायनं समदं त्यालाच सांगितलं म्हना की.” त्यानं अम्माकडे पाहिलं. “तूच सांग बाबा तिला. माज्यानं व्हायचं न्हाई.”

मी सांगितलं. घरात आम्ही दखनी बोलत असू. इथे मराठीत लिहितो. अम्मानं एकदाच विचारलं, “नक्की?” मग ती उठली. जुनी दोन रोपं काढून तिकडे लावू का, असं मी विचारलं.

“दिलेलं काढून घ्यायचं का आता?” ती म्हणाली.

सहा नंबरावरचं गवत तिनं स्वतः उपटलं, नवी रोपं लावली, पाणी शिंपडलं, फातेहा म्हटली. मग तिनं पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. पलटणीचा कागद कोणी आणला, कोणी वाचला, शेजारणी कशा आल्या. मग बहिणीला मंचरहून आलेलं स्थळ, बोलणी, सुपारीच्या दिवशी कोण रुसलं. ती काहीही गाळत नव्हती.

दिवस कलू लागला तेव्हा गाडीवान फाटकाशी आला.

“मावशी, चला. भोसरीला मुक्काम गाठायचाय.”

“थांब रे, आजून लगीन व्हायचंय.”

“कुनाचं?”

“माझ्या लेकीचं.”

“आवं, तिला तर पोरगा झाला न्हवं!”

“त्याला ठावं न्हाई अजून.”

गाडीवानानं बैलांपुढे कडबा टाकला आणि भिंतीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं त्यानं पुन्हा हाक मारली, तेव्हा लग्न लागून वरात मंचरला पोहोचली होती. अम्मा उठली. नातवाचं सांगायचं राहिलं होतं.

“पुढच्या साली,” ती दगडाला म्हणाली.

पुढच्या थंडीत गाडीचे धक्के सोसण्यासारखी तिची प्रकृती राहिली नव्हती. मी एकटाच गेलो. सहा नंबरापाशी बसून बहिणीला मुलगा झाल्याचं सांगितलं. ते एका वाक्यात संपलं. आणखी काय सांगायचं ते मला सुचेना. गाडीवान यायला अवकाश होता. मी गवत काढत बसलो.

जुन्नरला परतलो तेव्हा अम्मा दारातच बसली होती. पाणी देण्याआधी तिनं विचारलं, “काय काय सांगितलंस?”

मी म्हणालो, “सगळं.”