‘प्रतिसाद नाही’ असं मीही लिहीत होते

थेरपिस्ट मुलीने माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात दात घासायचा ब्रश दिला आणि विचारलं, "आजी, याचं काय करतात दाखवा बघू?" बावन्न वर्षांच्या बाईला आजी. बहिणीने ब्रशकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्या बोटांतून घसरून चादरीवर पडला आणि मुलीने फॉर्मवर खूण केली. मग तिने कंगवा दिला. बहिणीचं डोकं ऑपरेशनसाठी भादरलेलं, उजव्या बाजूला कवटीचा तुकडा काढलेला, तिथे ओंजळभर खळगा. त्या डोक्यासाठी कंगवा! तोही पडला. शेवटी चहाचा कप, कान असलेला. आमच्या घरात चहा आयुष्यभर स्टीलच्या पेल्यातून प्यायलेला. कपही पडला. दुखलेलं कळतं का बघायला मुलीने नखावर पेन दाबलं, हात थोडा मागे गेला, आणि फॉर्म पूर्ण झाला. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मी गप्प राहिले. कारण हा फॉर्म मला पाठ होता. मी स्वतः नर्स आहे. वीस वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हायवेवरून आलेली फुटलेली डोकी मी बघितली आहेत. ‘हाकेला प्रतिसाद नाही’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की ते लिहिताना पेशंटकडे बघायचीही गरज वाटत नसे.

बहिणीला घरात सगळे बाय म्हणतात. उरणकडच्या आमच्या गावात कंटेनरच्या रस्त्याला तिची खानावळ होती. पत्र्याची शेड, चार बाकडी, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. ट्रेलरवाले लांबून हॉर्न देत यायचे. एका सकाळी ती भाचीच्या स्कूटीवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसून मासळी आणायला निघाली. खड्ड्यात स्कूटी उडाली. भाचीला खरचटलं. बाय डोक्यावर पडली. हेल्मेट कोणाकडेच नव्हतं, आणि त्याबद्दल मी कोणाला सुनावावं, मीच तिला कधी घेऊन दिलं नव्हतं.

दोन महिने ती नवी मुंबईच्या हॉस्पिटलात होती. जगली. मग डोळे उघडले, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण डोळे उघडणं वेगळं आणि जागं होणं वेगळं. ती झोपायची, उठायची, जांभई द्यायची, छताकडे बघायची. भावजी तिच्या उशाशी स्टुलावर बसून असायचे. एकदा मला म्हणाले, "डोले उघडे हायेत तिचे. पन ती मना बघते का नुसती उघडी हायेत, ह्या मना समजत नाय." मलाही समजत नव्हतं. नर्स असून समजत नव्हतं.

तिथून तिला एका ट्रस्टच्या पुनर्वसन केंद्रात आणलं. केंद्र चांगलं होतं, पण खाटा मोजक्या आणि नियम एक. तीन आठवड्यांत दोनदा तपासणी करायची. पेशंट कशालातरी जाणून प्रतिसाद देतोय असं दिसलं तर सहा महिने ठेवायचं. नाही दिसलं तर नाकातली नळी कशी सांभाळायची, कूस कशी बदलायची एवढं शिकवून घरी पाठवायचं. ब्रश, कंगवा आणि कप ही पहिली तपासणी. आता एकच उरली होती.

डॉक्टर वाईट नव्हते. कामाच्या ओझ्याने वाकलेले, सरळ बोलणारे. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, तुम्हाला वेगळं काय सांगू? मनाची तयारी ठेवा." मी म्हटलं, "तयारी ठेवायला मन रिकामं नाहीये साहेब." उद्धटपणा होता. पण तेव्हा मी उद्धटपणावरच उभी होते.

गावाकडून एक चुलती भेटायला आली. तिने बायच्या पायाला हात लावला, डोळे पुसले, आणि मला बाहेर नेऊन म्हणाली, "कशाला जीव अडकवून ठेवलाव तिचा? सोडवा तिला. देवाचा देवाला द्या." मी तिला म्हटलं, "काकी, देवाने मागितली तर मी बघेन. तू कशाला मागतेस त्याच्या वतीने?" ती पुन्हा आली नाही. बरंच झालं.

मला खरी बोचणी वेगळीच होती. काही वर्षांपूर्वी दिघीकडचा एक गवंडी आमच्या दवाखान्यात पंधरा दिवस होता, परांचीवरून पडलेला. त्याची आई रोज मला सांगायची, "तो आयकतो बाई. मी बोलले की श्वास बदलतो त्याचा." मी म्हणायचे, "हो हो, मावशी." आणि पुढच्या खाटेकडे वळून त्याच्या कागदावर तेच लिहायचे. एकदाही मी त्या बाईला म्हटलं नाही की चल, मला दाखव. त्याला घरी नेलं. पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत मी कधी केली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आता मी त्या मावशीच्या जागी होते आणि फॉर्म दुसरीच्या हातात होता.

ब्रशचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दोन दिवस तो चादरीवर पडलेला ब्रश मला दिसत राहिला. तिसऱ्या दिवशी बेसिनपाशी स्वतःचे दात घासताना माझा हात थांबला. बायने जन्मात कधी ब्रश हातात धरला नव्हता! ती मशेरीवाली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, पत्र्याच्या लहान डबीत भरायची, आणि पहाटे चूल पेटवली की मागच्या दारी उकिडवी बसून पहिल्या बोटाने दात घासायची. आमच्याकडच्या निम्म्या बाया अशाच. त्यावरून मी तिच्याशी वीस वर्षं भांडले होते. महिला मंडळाच्या शिबिरात तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवताना मुद्दाम तिच्याकडे बघून बोलले होते. ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुझा झाला का गो? मना भाकऱ्या टाकायच्यात." आणि तीच मी, ब्रश ओळखला नाही म्हणून बहीण हरली असं मुकाट्याने ऐकून घेतलं.

भावजींना मी डबी आणायला सांगितली. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. "आता मशेरी लावतेस तिला?" मी म्हटलं, "लावत नाही. नुसती डबी आणा, धुऊ नका." गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात तंबाखू घालण्याइतकी मी वेडी झाले नव्हते. मला हवा होता तो फक्त तिच्या हाताला माहीत असलेला पत्रा आणि तळाला राहिलेला वास.

दुसरी गोष्ट वेळेची. तपासणी अकरा वाजता व्हायची, आणि फिट येऊ नये म्हणून दिलेलं औषध दहाला. अकराला बाय पेंगलेली असणारच. बायचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. मी वॉर्डच्या सिस्टरला विनवलं. ती आधी कां कू करत होती, पण शेवटी पेशातली बाई पेशातल्या बाईला ओळखते. सकाळी सहाला तिने मला आत घेतलं. आम्ही बायला उशा लावून बसतं केलं, तोंड ओल्या फडक्याने पुसलं, शेजारचा टीव्ही बंद केला. पंखासुद्धा बंद केला. मग मी डबी तिच्या उजव्या हातात ठेवली.

बराच वेळ काही नाही. माझा हात आपोआप डबी काढून घ्यायला पुढे झाला, आणि मी तो मागे घेतला. वीस वर्षं मी याच क्षणी पुढच्या खाटेकडे गेले होते. मनात आकडे मोजत राहिले. तेवढ्यात बायचा अंगठा डबीच्या कडेवर सरकला. झाकण उघडलं नाही, ताकद नव्हती. मी उघडून दिलं. तिचं पहिलं बोट आत गेलं, तळाशी फिरलं, आणि थरथरत, वाटेत दोनदा थांबत, ओठांपाशी आलं. मी ते तिथेच धरलं. रडले, खोटं कशाला सांगू. सिस्टरही रडली आणि मग दोघी एकमेकींवर चिडलो की रडतेस काय, घड्याळ बघ, वेळ लिहून ठेव.

कारण मला माहीत होतं डॉक्टर काय म्हणणार. नातेवाइकांना जे हवं ते दिसतं. बोट वर गेलं ते नुसतं आपोआपही असू शकतं. म्हणून मी वही सुरू केली. वेळ, ती बसलेली की आडवी, औषध कधी झालं, हातात काय दिलं, किती मोजेपर्यंत थांबले, काय झालं. मधूनमधून मी त्याच मापाची बामची रिकामी डबीही दिली. ती तिने धरली आणि सोडून दिली. एकदा नाही, प्रत्येक वेळी. अकरा दिवस रोज सकाळी मशेरीची डबी दिली. सात वेळा बोट आत गेलं आणि वर आलं. चार वेळा काहीही झालं नाही, आणि तेही मी लिहिलं. ते लिहिताना हात जड व्हायचा. पण जे झालं नाही ते गाळलं असतं तर मी आणि ती फॉर्मवाली मुलगी, दोघी सारख्याच.

दुसऱ्या तपासणीच्या आधी मी वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "सिस्टर, आशा सगळ्यांनाच असते." मी म्हटलं, "आशा माझी मी घरी ठेवून आले. हे वाचा. आणि उद्या अकराला नाही, सहाला या." ते हसले. बहुतेक मला कटवायला ‘बघू’ म्हणाले.

पण ते आले. शर्टाचं वरचं बटण उघडं, डोळ्यांत झोप, बरोबर ती मुलगी. त्या सकाळी पहिल्यांदा मशेरीची डबी दिली तेव्हा बायने काहीच केलं नाही. मुलीने फॉर्मकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबा." माझा आवाज चढला होता. डॉक्टरांनी हात वर करून मुलीला थांबवलं आणि स्वतः स्टूल ओढून बसले. दुसऱ्यांदा दिली तेव्हा बोट आत गेलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः बामची डबी दिली, आणि बायने ती सोडून दिली. डॉक्टरांनी ती चादरीवरून उचलली. मग त्या मुलीला म्हणाले, "यापुढे घरच्यांना आधी विचारायचं, हा माणूस घरी हाताने काय करायचा." मुलगी खाली बघत होती. तिचा काय दोष, तिला तीन वस्तू दिल्या होत्या आणि तिने तीन वस्तू दाखवल्या.

खाट मिळाली. बाय बरी झाली असं मी म्हणणार नाही. डावी बाजू निकामीच आहे. वाचा आली नाही. पण ती नळीशिवाय पेज गिळायला लागली. मी बिनपगारी रजा घेतली आणि तिची आंघोळ, कपडे, कूस बदलणं माझ्याकडे घेतलं. दुसरं कोणी हात लावलेलं मला खपत नसे.

पाचव्या महिन्यात त्याच मुलीने तिला अंगठा शिकवला. हो असेल तर वर, नाही असेल तर खाली. आधी खात्रीचे प्रश्न. तू बाई आहेस का? वर. आपण बोटीत बसलोय का? बऱ्याच वेळाने, खाली. बातमी गावात गेली आणि रविवारी माणसांची रीघ लागली. प्रत्येकाचा एकच सवाल, "ओलखलंस का मना?" बायने तिघांना अंगठा वर केला आणि मग डोळे मिटून घेतले. तिला कंटाळा आला होता.

सोमवारी सकाळी आंघोळीआधी मी तिच्यापाशी बसले. पेशंटला पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न मी तिला पाच महिन्यांत विचारला नव्हता.

"बाय, कुठे दुखतं का?"

अंगठा वर.

"डोकं?" खाली. "पाय?" खाली. "डावा खांदा?" माझा शब्द पुरा व्हायच्या आत अंगठा वर.

लुळा पडलेला हात खांद्यातून निसटतो. तो धरून माणसाला ओढायचं नसतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि मी घाई असली की तिला तोच हात धरून उचलत होते. दिवसातून दोनदा.

"मी उचलते तेव्हा दुखतं?"

वर.

"कधीपासून? इथे आल्यापासून?"

वर. तो खाली आलाच नाही, तसाच राहिला. म्हणजे ती होती. जगाशी भांडून मी जी ‘आहे, आहे’ म्हणून सांगत होते ती खरोखरच आत होती, सगळं भोगत होती, आणि रोज सकाळी तिला दुखवणारी मीच होते.

मी म्हटलं, "चुकलं गो माझं." आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. मी अंगठ्याकडे बघत थांबले. तो हलला नाही. मी वर पाहिलं. बाय छताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. खानावळीत एखादीने कालवण करपवलं की ती जशी बघायची तशी, सरळ, पापणी न हलवता. तिला उत्तर येत होतं आणि ती ते देत नव्हती. अपघातानंतर पहिल्यांदाच मी तिला घाबरले, धाकटी बहीण घाबरते तशी.