चाचांच्या कोल्ड स्टोअरमधली आयरिस

भर जुलैत, शारजात सावलीसुद्धा भाजते तेव्हा, अंगात लोकरीचा स्वेटर घालून लिफ्टमध्ये शिरणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, दुबईत अल क्वोजला एका कोल्ड स्टोअरचे सुपरवायझर. तिथे एका खोलीत भाजी, पलीकडच्या फ्रीजरमध्ये मासळी, आणि दिवसभर चाचांच्या येरझाऱ्या. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'मिस्टर विंटर' म्हणत आणि चाचा त्यावर खूश असत.

थंडीवर त्यांची श्रद्धाच होती. आमरस उरो, कुणाला ताप येवो, नाहीतर माझं नवऱ्याशी वाजो, सल्ला ठरलेला: "थंडा होने दो, बेटी. गरमीनेच सगळं नासतं." मी म्हणायची, चाचा, तुम्ही चहासुद्धा फ्रीजमध्ये ठेवत असाल. "ठेवतात की," चाची आतून सांगायची.

चाचीला झाडांचा भारी नाद. गॅलरीतल्या कुंड्यांत तिने आयरिस या थंड हवेतल्या फुलाचे कांदे लावले होते. इथल्या हवेत दोन हिवाळे नुसती पातच आली. तिसऱ्या खेपेला, मार्च सरताना, कळ्या धरल्या आणि त्याच आठवड्यात चाचीला ॲडमिट करावं लागलं. पोटाचा आजार, फार पुढे गेलेला. थोडे दिवस घरी न्या, आशा मात्र ठेवू नका, असं डॉक्टरांनी चाचांना सांगितलं. चाचीचं मागणं एकच होतं: "माझी फुलं उमललेली बघायचीत मला. मी येईपर्यंत सांभाळा."

ऊन चढत होतं. गॅलरीत त्या कळ्या उमलून दोन दिवसांत करपल्या असत्या. चाचांनी कुंड्या गाडीत घातल्या आणि भाजीच्या खोलीत नेऊन ठेवल्या. तिथवर ठीक होतं. पण डिस्चार्ज लांबला, आणि कळ्यांच्या टोकाला जांभळा रंग दिसू लागला, म्हणजे आता कधीही उमलणार. पालक फ्रीजरमध्ये गेला की त्याचं काय होतं, हे चाचांइतकं कुणाला ठाऊक? पण घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते. जास्त थंडी म्हणजे जास्त दिवस, हे मासळीचं गणित त्यांनी फुलांना लावलं. एकच रात्र मासळीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, म्हणाले.

चाची घरी आली तेव्हा मी तिथेच होते. परत आणलेल्या कुंड्यांत कळ्या काळ्या पडून उकडलेल्या भाजीसारख्या लोंबत होत्या. बोट लावलं की पाणी सुटत होतं.

"मैंने मारा," चाचा म्हणाले. "मीच मारली गं."

चाचीने एक देठ बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, "असू दे. तुम्ही जेवलात का?" मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या पंधरवड्यात ती गेली. गावाहून दोन्ही मुलांचा फोन आला, "अब्बा, अम्मीला इकडे आणा. तोंड तरी बघू दे." हॉस्पिटलातला माणूस म्हणाला, कागदपत्रं होईपर्यंत बॉडी शवागारात ठेवावी लागेल, फ्रीजरमध्ये. चाचा ताडकन उठले. "नाही. तिला थंडीत ठेवायचं नाही. खलास. इथेच माती द्यायची." दुसऱ्या दिवशी चाचीला इथल्याच वाळूत माती दिली.

बापाने खर्च वाचवला, असं मुलं अजून गावभर सांगतात. चाचांना फोन करत नाहीत. माझा जीव तुटतो. एकदा मी म्हटलं, "चाचा, मी कळवते त्यांना खरं काय ते."

"नको, बेटी," ते म्हणाले. "दोघं भाऊ पूर्वी एकमेकांशी बोलत नव्हते. आता मला शिव्या द्यायला का होईना, रोज संध्याकाळी एकत्र बसतात."