मामांनी नापसंत केलेल्या खाटा

अर्जदार : मी स्वतः, धंदा अर्जनवीस, राहणार नगर, बसण्याची जागा कचेरीच्या फाटकाबाहेरील लिंबाखाली. सामनेवाले : माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणत असे, धंदा शेती, राहणार पाथर्डीच्याही पलीकडील एक कोरडवाहू गाव. घटनेचा काळ : मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा हिवाळा, व तेथून पुढचा हिवाळा. साक्षीदार : पहिली, माझी पत्नी गया, परंतु ती सामनेवाल्यांची कन्या असल्याने तिची साक्ष फिरण्याचा संभव आहे, दुसरे, शेजारी भालेराव, नोकरी तार ऑफिसात, तिसरा, माझा मेहुणा भानुदास. तक्रारीचा विषय : झोपणे.

मामांची ओळख एका वाक्यात द्यायची तर, पाय असलेल्या कोणत्याही वस्तूवर ते पाठ टेकत नसत. बैलगाडीत बसतील, एस.टी.च्या बाकावर बसतील, माझ्या लिहिण्याच्या पेटीवरसुद्धा न विचारता बसतील. पण आडवे व्हायचे ते भुईवरच. याला कारण होते. शेवटच्या घटकेला माणसाला खाटेवरून खाली, भुईवर घ्यावे, खाटेवर प्राण गेला तर जीव अधांतरी राहतो, ही आपल्याकडची रीत मलाही ठाऊक आहे. परंतु रीत शेवटच्या घटकेची आहे. मामा ती रोज रात्री पाळत. "जीव काय तार करून जातो व्हय?" असे ते विचारत, आणि समाधानाने कूस बदलत.

त्या वर्षी त्यांचा दमा बळावला. भानुदास बायकापोरांसह ऊसतोडीला बेलापूरकडे गेलेला, घरी पाणी तापवून देणारे कोणी नाही, म्हणून गया त्यांना नगरला घेऊन आली. लेकीच्या घरचे अन्न खाणे त्यांना कमीपणाचे वाटे, सबब त्यांनी येताना बाजरीचे पोते आणले. सोबत स्वतःच्या रानातल्या कापसाचे गाठोडेही होते. ते कशासाठी, असे मी विचारले. "असू द्या. घरात कापूस असावा," एवढेच म्हणाले. वातीला म्हणावा तर दहा घरांना पुरेल इतका होता.

आमच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. उन्हाळ्यात तिच्यासारखे सुख नाही, पण पौषात ती ओल्या पाटीसारखी गार पडते. मामा तिच्यावर एक घोंगडी टाकून झोपत आणि पहाटे असे खोकत की भालेराव पलीकडून भिंत ठोकीत. डॉक्टरांनी छातीस नळी लावली, फरशीकडे बोट दाखवले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "अर्जनवीस, यांना जमिनीवरून वर घ्या. खाली जाड गादी पाहिजे. नाहीतर हे होळी बघायचे नाहीत." हे वाक्य मी गयेला सांगितले नाही, पण ती दाराआड उभी होती.

दुसऱ्याच दिवशी मी काथ्याची बाज आणली. मामांनी ती बोटाने दाबून पाहिली, वाकून खालून पाहिली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी गाभण म्हणून भाकड गाय आणली.

"जावईबापू, ही तर झोळी हाय. मधी खड्डा. ऐन वक्ताला मानूस उचलाया गेलं, तर मानसाची घडी हुईल."

"मामा, तुम्हाला उचलण्यासाठी नव्हे, झोपण्यासाठी आणली आहे."

"झोपनारा उठंलच, ह्याची तुमी लेखी देता का?"

मी व्यवसायाने लेखी देणारा मनुष्य. तरीही मी लेखणी नव्हे, बाज उचलली. बाज परत गेली.

नंतर मी लष्कराच्या जुन्या सामानातली लोखंडी खाट मिळवली. पट्ट्या सरळ, खड्डा नाही, मजबुती अशी की हत्ती झोपवावा. मामांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "हिच्यावर कोन कोन मेलंया?" मी म्हटले, ही माहिती लष्कर देत नाही. "मंग नको. आधीच कुनी तरी अडकलेलं असंल, त्यात आनि मी." शिवाय लोखंड रात्री फरशीपेक्षा गार पडते, हा त्यांचा मुद्दा खरा निघाला, हे मला नमूद करावे लागते. खाट अंगणात गेली व तिच्यावर भालेरावांच्या घरची वाळवणे पडू लागली.

मी त्यांना समजावून सांगितले. खाटेवर मृत्यू येण्यास कायद्याने कोठेही मनाई नाही, हे सांगितले. मोठमोठे साहेब लोक पलंगावरच जातात, हेही सांगितले. मामा शांतपणे तंबाखू मळत ऐकत होते. "कायदा हितं चालतो, जावईबापू. मला तिकडं जायचंय." गया स्वयंपाक करता करता हसली. तिचे ते हसणे मला आवडले नाही. थोड्या वेळाने पाहतो तो ती चुलीपुढे रडत होती. तेव्हा मी टोपी घातली आणि सुताराकडे गेलो.

सुताराला म्हटले, पाय असलेले पण नसल्यासारखे दिसणारे काही कर. त्याने सागाच्या फळ्यांची, वीतभर उंचीची, रुंद पायांची एक खाट केली. खाट कसली, पाटाचा थोरला भाऊ. मामांनी तिच्याशेजारी भुईवर बसून हात खाली सोडला. हात फरशीला टेकला. दोनदा टेकवून पाहिला. तोंडावरची सुरकुती जराशी सैल झाली, आणि मी मनात जिंकलो.

परंतु गादीचे राहिलेच होते. बाजारात तयार गाद्यांचा ढीग पडलेला असतो, पण मामांच्या मते त्यात जुन्याच कापसाला नवे झबले घातलेले असते. त्यांनी आपले गाठोडे पुढे सरकवले. पिंजारी आला, अंगणात धनुकलीचा टणत्कार सुरू झाला, आणि कापूस असा उडाला की लोखंडी खाटेवरच्या भालेरावांच्या कुरड्यांना मिशा फुटल्या. मी जाड गादी सांगितली. मामांनी पातळ सांगितली. "जाड गादीत भुई वळखू येत न्हाई." पिंजारी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाही. शेवटी गया पदर खोचून बाहेर आली. "सगळा कापूस घाला. माझ्या बापाचाच हाय," असे म्हणाली आणि आत निघून गेली. त्यावर कोणी अपील केले नाही.

एवढे होऊनही मामांनी अट घातली. खाटेवर झोपतो, पण वेळ आली तर आपल्याला खाली कसे घेणार, ते आधी करून दाखवा. सबब आमच्या घरात त्या हिवाळ्यात एक कवायत चालत असे, जी मी कोणत्याही घरात पाहिली नाही. संध्याकाळी दिवे लागले की मामा खाटेवर उताणे होत. मी खांद्याखाली हात घालायचा, गयेने पाय धरायचे, भालेराव सापडल्यास कमरेला. मामा स्वतः हुकूम देत.

"मी डोळं फिरवलं. आता धरा! मान, मान संबाळा जावईबापू, भोपळा न्हाई ती. गया, पाय दक्षिनेकडं कर. हां. टेका. तुळशीचं पान कुठंय?"

"आबा, रोज कुठून आणू? तुळस बोडकी झाली," गया म्हणे.

"मंग आज नुसतं तोंड हालवतो."

खाली ठेवल्यावर ते क्षणभर डोळे मिटून पडत, मग एक डोळा उघडून निकाल देत. "आज उशीर झाला. मी वरच गेलो आस्तो." माझी कंबर त्या हिवाळ्यात जी धरली ती अद्याप सुटलेली नाही. पण त्यानंतर ते त्या खाटेवर चढत, गादीत सरकत, आणि पहाटेपर्यंत भिंत ठोकण्याचा आवाज येत नसे.

एके दिवशी भालेराव नेहमीपेक्षा उशिरा घरी आले. दारातून त्यांना दिसले ते असे : मामा भुईवर, डोळे मिटलेले, तोंडात तुळशीचे पान, गया पायाशी, मी उशाशी कंबर धरून वाकलेला, माझे तोंड वेदनेने वाकडे. कवायत त्यांनी स्वतः केलेली होती. परंतु आपण हजर नसताना कवायत कशी होईल, अशी त्यांची समजूत. ते उलट्या पावली तार ऑफिसात गेले आणि बेलापूरकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाला मामा गेल्याची तार करून मोकळे झाले. मग आपल्या हातून योग्य ते झाले, या समाधानात, शेजारी मयत असता चूल पेटवता येत नाही म्हणून, बायकोला घेऊन सासुरवाडीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारासमोर उसाचा ट्रक थांबला. त्यातून भानुदास, त्याची बायको आणि तोडकऱ्यांच्या कोप्या-झोपड्यांतली सगळी माणसे उतरली. बायकांनी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. मामा आत बाजरीची भाकरी दुधात कुस्करीत होते. रडणे ऐकून ते ताटावरून उठले, बाहेर ओट्यावर आले, आणि डोक्याला हात लावून बसलेल्या भानुदासाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उगी, उगी. कोन गेलं रं?"

भानुदासाने वर पाहिले आणि जी किंकाळी फोडली, ती कचेरीपर्यंत ऐकू गेली असावी. नंतर सगळ्यांनी चहा घेतला. मामा त्या दिवशी फार खुशीत होते. कोण किती मोठ्याने रडले, याची त्यांनी बारीक चौकशी केली. सून सर्वांत मोठ्याने रडली असे कळल्यावर म्हणाले, "पोरगी गुनाची हाय. मला वाटलं नव्हतं."

होळी झाली. मामांनी ती पाहिली, पोळीही खाल्ली. ऊसतोड संपवून भानुदास न्यायला आला, तेव्हा एस.टी.च्या टपावर ती वीतभर खाट आणि गादीची वळकटी चढली. "जावईबापू," खिडकीतून ते म्हणाले, "खाट बरी हाय तुमची. लई उंच न्हाई एवढंच." आभाराचे शब्द त्यांच्या बाजूला चालत नसावेत.

पुढचे साल दुष्काळाचे. भानुदास खडी फोडायच्या कामावर, पण वस्तीला घरी. थंडीत निरोप आला. आम्ही पोहोचलो तोवर सगळे आटोपले होते. भानुदास ओट्यावर बसला होता, आणि मी टेकण्यापूर्वीच म्हणाला, "दाजी, तुमच्या खाटंनं घात केला."

त्याने सांगितले ते असे. पहाटे मामांचा श्वास लागला. भानुदासाला आणि सुनेला कवायत पाठ होती, मामांनी ती त्यांनाही शिकवली होती. त्याने खांदे धरले, तिने पाय धरले. तर मामांनी खाटेची फळी घट्ट पकडली. "आबा, सोडा, खाली घ्यायचंय," भानुदास म्हणाला. मामांनी मान हलवली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ऊब हाय हितं." पुन्हा ओढून पाहिले, हात सुटेना. आणि तसेच, गादीवरच, गेले. आता गाव म्हणते की म्हातारा खाटेवर गेला, ब्राह्मणाकडून शांत करावी लागेल. आणि दाजी शहाणे माणूस, त्यांनीच काय ते सांगावे.

मी ओट्यावर टेकलो. गया परसात गेली. रीतीप्रमाणे गादी गावाबाहेर टाकायची म्हणून तेथे काढून ठेवली होती. तिने तिच्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि कापूस कुठे दबला आहे ते चाचपीत राहिली.

सबब सामनेवाल्यांना माझे विचारणे आहे. जी गोष्ट मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, डॉक्टर सांगत होते, ती त्यांनी आयुष्यभर नाकारली आणि नेमकी त्या पहाटे का मान्य केली? मान्यच करायची होती, तर माझी कंबर, गयेची तुळस आणि भालेरावांची तार यांचे प्रयोजन काय होते? भानुदासाने शांत करवली. ब्राह्मणाने ठीक झाले म्हणून सांगितले. तरी गया अजून मधूनच भाकरी थापता थापता थांबते आणि मला विचारते, "अहो, आबा अधांतरी तर नसतील ना?" माझ्याकडे तहसीलपासून वरपर्यंतच्या प्रत्येक कचेरीला देण्यास उत्तर आहे. या प्रश्नाला नाही.

तरी मामांनी या बाबतीत काय तो खुलासा करावा. माझी स्वतःची तक्रार मी बिनशर्त मागे घेण्यास तयार आहे. तिला मात्र उत्तर मिळावे. लेखी नसले तरी हरकत नाही, तोंडी चालेल.